घडीचा चाकू: आधी खिशात, मग संग्रहात

प्रश्न थोडक्यात असा: पारंपरिक घडीचे चाकू आवडू लागले आहेत, फोटो बघून चार-पाच एकदम घ्यावेसे वाटतात. पहिला कोणता घ्यावा, रोज खिशात कसा बाळगावा, कार्बन स्टील गंजतं त्याचं काय करावं, आणि एखादा जुना चाकू हाती लागला तर तो वापरावा की जपून ठेवावा?

एकच घ्या. मिटल्यावर तीन ते साडेतीन इंच लांबीचा, एका किंवा दोन पात्यांचा, लॉक नसलेला. तो काही महिने एकटाच खिशात राहू द्या. मग दुसरा कोणता घ्यायचा हे कुणाला विचारावं लागणार नाही. माझ्या ओळखीतले जे जे या छंदात टिकले, त्यांनी आधी एखादा चाकू अंगवळणी पडेपर्यंत वापरला होता. ज्यांनी आधी पेटी भरली, त्यांच्या पेट्या थोड्याच काळात विकायला निघाल्या. कारण सरळ आहे. फोटोत मुठीचा रंग दिसतो, हाडावरची नक्षी दिसते, पात्यावरचा शिक्का दिसतो. स्प्रिंग किती कडक आहे, नखाची खाच नखाला पटकन सापडते का, मुठीचा कोपरा तळहातात रुततो का, खाली बसताना मांडीला टोचतो का, यातलं काहीच दिसत नाही. आणि चाकूशी आपलं जमणार की नाही, ते नेमकं याच गोष्टींवर ठरतं.

पारंपरिक म्हणताना मी मुख्यतः अशा चाकूंबद्दल बोलतोय, ज्यांचं पातं मागच्या स्प्रिंगच्या नुसत्या दाबावर उघडं राहतं. यांना स्लिपजॉइंट म्हणतात. पातं अडवून धरणारी कळ त्यात नसते. पात्याचं बूड, म्हणजे टँग, स्प्रिंगच्या टोकाला टेकलेलं असतं. पातं फिरायला लागलं की बुडाचा कोपरा स्प्रिंगला उचलतो, कोपरा ओलांडला की स्प्रिंग सपाट बाजूवर येऊन बसते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. बूड चौकोनी ठेवलं असेल तर पातं काटकोनातही एकदा थांबतं, तो हाफ-स्टॉप. कोपरे गोल केले असतील तर पातं एका दमात फिरतं. दोन्ही पद्धती जुन्याच आहेत. नवख्याला मी हाफ-स्टॉपचा चाकू सुचवतो, कारण मिटताना पातं अर्ध्यावर अडतं आणि बोटं बाजूला घ्यायला सवड मिळते.

चाकू घेताना पाहायचं काय, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात.

आधी चाकू मिटलेला असतानाच उजेडासमोर आडवा धरा. स्प्रिंग आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे, म्हणजे लायनर, यांच्या सांध्यातून उजेडाची रेघ दिसली तर जुळणी ढिली आहे. त्या फटीत पुढे खिशातला कचरा आणि ओल साचणार. मग अंगठ्याचं नख चाकूच्या पाठीवरून आडवं फिरवा. स्प्रिंग पत्र्यांच्या बरोबरीत आहे, वर आली आहे की आत गेली आहे? आता पातं काटकोनात थांबवून तेच करा, मग पूर्ण उघडून पुन्हा करा. तिन्ही स्थितींत नख कुठेच अडकलं नाही, तर बुडाच्या तिन्ही बाजू कारागिरानं घासूनघासून जुळवल्या आहेत असं समजा. हे काम वेळखाऊ आहे, आणि घाईत बनवलेल्या चाकूत पहिली काटछाट इथेच होते. काटकोनात स्प्रिंग केसभर वर राहिली म्हणून चांगला चाकू नाकारू नका. मिटल्यावर आणि उघडल्यावर मात्र ती सपाट बसायला हवी.

मग पातं उघडून त्याच्या टोकाजवळ चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. या चाकूंचा सांधा रिव्हेट ठोकून बसवलेला असतो. स्क्रू नसल्यामुळे नंतर घरी आवळता येत नाही. त्यामुळे नव्या चाकूचं पातं हलत असेल तर तो परत करणंच योग्य. जुन्या, वापरलेल्या चाकूत बाजूला थोडी हालचाल चालते. वर-खाली हलत असेल तर स्प्रिंग किंवा बूड झिजलेलं आहे, आणि तो चाकू वापरासाठी घेऊ नये.

आणखी एक दोष हमखास नजरेतून सुटतो. पात्याच्या बुडाला धारेच्या बाजूनं एक लहानसा उंचवटा ठेवलेला असतो. चाकू मिटला की तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार स्प्रिंगपासून अधांतरी राहते. हा उंचवटा कमी पडला की प्रत्येक वेळी मिटताना धार आतल्या पोलादावर आपटते. ओळखायची रीत सोपी आहे: चाकू नेहमीसारखा काही वेळा मिटा, मग धार वर करून दिव्याखाली हळूहळू तिरकी करा. अखंड धारेवरून उजेड परत येत नाही. आपटलेल्या जागी मात्र एक बारीक ठिपका चमकतो, आणि तो दर वेळी त्याच ठिकाणी असतो. नव्या चाकूत असा ठिपका दिसला तर बदलून मागा. जुन्यात असेल तर पातं शेवटपर्यंत बोटांत धरून हलकेच टेकवायची सवय लावली की भागतं.

स्प्रिंगच्या ताकदीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. नख मोडेल इतकी कडक स्प्रिंग म्हणजे भारी चाकू, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. फार कडक चाकू उघडताना दोन्ही हातांचा जोर लागतो, बोटं ओली असली की पातं निसटतं, आणि कापतं ते अशाच वेळी. फार मऊ असेल तर टोक कुठे अडकताच पातं बोटांवर मिटू शकतं. खाचेत नख न घालता, नुसत्या चिमटीनं पातं उघडता आलं पाहिजे आणि मिटताना त्यानं शेवटच्या टप्प्यात स्वतःहून आत ओढून घेतलं पाहिजे. रोजच्या चाकूला एवढी ताकद पुरते.

आता नमुने. नावं ऐकून गोंधळायला होतं, पण खिशासाठी विचार करायचा तर मोजकेच पुरेत. बार्लो म्हणजे थेंबासारखी एका टोकाला फुगलेली मूठ आणि सांध्यावर लांब बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकाचं धातूचं आवरण. एक किंवा दोन पाती, दोन्ही एकाच टोकाला. हा कामाचा चाकू, सांधा भक्कम, हातात भरीव. पहिला चाकू म्हणून मी बहुतेकांना बार्लोच सांगतो. स्टॉकमनला तीन पाती: उतरत्या टोकाचं क्लिप, सरळ धारेचं शीपफूट आणि बोथट टोकाचं स्पे. तीन तऱ्हेच्या धारा एकाच मुठीत मिळतात खऱ्या, पण तीन पाती दोन स्प्रिंगांवर बसवायची तर ती एकमेकांना घासू नयेत म्हणून किंचित वाकवावी लागतात, आणि चाकू जाड होतो. ट्रॅपरला दोन लांब पाती असतात आणि मिटल्यावरही तो चार इंचांच्या आसपास भरतो. पातळ कापडाच्या खिशात तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पीनट तीन इंचांहून लहान, दोन पात्यांचा, खिशात आहे हेही विसरायला लावणारा. पाकिटं, दोरे, लेबलं, फळ एवढं काम असेल तर तोच घ्या. सॉडबस्टर एका रुंद पात्याचा, बोल्स्टर नसलेला, साधा. त्याला संग्राहक फारसे विचारत नाहीत, पण कापायला तो बहुतेकांपेक्षा सरस.

या नमुन्यांबाहेरही कामकरी माणसांचे काही अस्सल चाकू आहेत, आणि संग्रहात ते असावेत असं मला मनापासून वाटतं. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला लाकडी मुठीचा ओपिनेल त्यातला पहिला. त्यात मागची स्प्रिंग नाहीच; लाकूड आणि पात्यातलं घर्षण पातं धरतं. पातं अडवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. त्यातला ८ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, हाताला सगळ्यात सोयीचा. ओल लागली की मुठीचं बीच झाडाचं लाकूड फुगतं आणि पातं नखानं निघता निघत नाही. अशा वेळी कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं आपसूक थोडं बाहेर येतं. साव्वातले लोक पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत. जपानमधल्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगोनोकामी त्याहून साधा: घडी घातलेला पत्रा हीच मूठ, आणि पात्याच्या बुडातून बाहेर आलेली छोटी दांडी अंगठ्यानं दाबून धरायची. मुलांनी चाकू बाळगू नयेत अशी मोहीम तिथे १९६० च्या दशकात झाली आणि एकेकाळी शाळकरी मुलांच्या हातात पेन्सिल तासायला असणारा हा चाकू झपाट्यानं मागे पडला. आणि स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला पुरवायला सुरुवात केलेला शिपायाचा चाकू. त्याचे वंशज आज सगळीकडे मिळतात, आणि ‘पारंपरिक’ म्हणून त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्या स्प्रिंगची जुळणी बघा, अनेक महागड्या चाकूंना लाजवील.

स्टीलवर जितकी चर्चा होते तितकी तिची गरज नसते. पारंपरिक चाकूंत साधारण दोन जाती दिसतात: १०९५ सारखं साधं कार्बन स्टील, ज्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के असतो, आणि ४२० एचसी किंवा १२सी२७ सारखी स्टेनलेस. पहिलं दगडावर लवकर धार घेतं, पण डागाळतं. दुसऱ्याचा व्याप कमी. कापण्यात खरा फरक पात्याच्या जाडीनं पडतो. जुन्या धाटणीच्या पात्याचं पोलाद पाठीलाच दोन मिलिमीटरच्या आगेमागे असतं आणि तिथून धारेपर्यंत सपाट उतरत जातं. धारेच्या वरचा भाग बोटांच्या चिमटीत धरून बघा, कागदासारखा लागला पाहिजे. सफरचंदात असं पातं उतरतं. जाड पातं त्याचे तुकडे मोडतं. जाड पात्यात जगातलं उत्तम स्टील घातलं तरी ते पाचर ठोकल्यासारखंच वागणार.

रोज बाळगायचं तंत्र साधं आहे, पण पाळायला हवं. चाकू किल्ल्या आणि नाण्यांबरोबर ठेवू नका. हाडाची मूठ आणि बोल्स्टर काही आठवड्यांत ओरखडून जातात. दुसऱ्या खिशात एकटा, किंवा पातळ चामड्याच्या खोळीत उभा. उभा राहिला की मांडीवर आडवा येत नाही आणि हात घातला की नेहमी त्याच बाजूनं हाती लागतो. उघडताना बोटं धारेच्या वाटेत नाहीत ना, हे पाहायचं. मिटताना मूठ एका हातात अशी धरायची की बोटांची टोकं मुठीतल्या पात्याच्या खोबणीवर येणार नाहीत, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं पात्याच्या पाठीवर दाब द्यायचा. लॉक नसलेल्या चाकूनं टोचू नये, भोक पाडू नये, पाठीवर ठोकू नये. या कामांत जोर पाठीच्या दिशेनं येतो आणि पातं मिटतं. झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं हेही नाही. पात्याचं टोक मोडतं आणि ते परत येत नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर मिटून द्यावा.

कायद्याचं आधी बघून घ्या, नंतर नव्हे. पात्याची लांबी, लॉक आहे की नाही, एका हातानं उघडतो का, यावर देशोदेशी नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार तीन इंचांपर्यंत धारेचा, मिटणारा आणि लॉक नसलेला खिशातला चाकू सबळ कारण नसतानाही सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो. लॉक असेल तर ही मुभा मिळत नाही. स्लिपजॉइंटला तिथे आजही मागणी आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. विमानाच्या केबिनमध्ये, न्यायालयात, शाळेत, सुरक्षा तपासणी असलेल्या कुठल्याही इमारतीत चाकू नेऊ नका, लहान असला तरी नको. आणि स्वसंरक्षणासाठी बाळगतोय असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझा स्पष्ट सल्ला: हा चाकू त्यासाठी बनलेलाच नाही. अंगावर आलेल्या माणसासमोर तो आधी तुमचीच बोटं कापेल, आणि असं कारण तोंडातून निघालं की अनेक देशांच्या कायद्यात तो अवजार न राहता शस्त्र ठरतो.

गंजाची भीती मात्र अनाठायी आहे. कार्बन स्टीलनं फळं कापत राहिलात की पात्यावर आधी निळसर, मग राखाडी, मग काळपट छटा चढते. हा पॅटिना. लोखंडाच्या ऑक्साइडचा हा घट्ट बसलेला पातळ थर खालच्या पोलादाला बऱ्यापैकी सांभाळतो. तांबडा, बोटाला लागणारा, भुसभुशीत थर दिसला तर तो गंज, आणि तो पोलाद खात खोल जातो. राखाडी राहू द्यायचा, तांबडा त्याच दिवशी काढायचा: थोडं तेल आणि मऊ कापड, अगदीच हटला नाही तर फार बारीक स्टील वूल, तेही फक्त त्या डागावर. कापून झालं की पातं पुसायचं, आंबट किंवा खारट काही कापलं असेल तर आधी पाण्यानं धुऊन मग पुसायचं. रोजच्या चाकूला याहून जास्त लागत नाही. पॅटिना लवकर यावा म्हणून पातं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणारे असतात. त्यानं रंग येतो, पण कामातून चढलेल्या छटांचं वळण त्याला येत नाही, आणि लक्ष चुकलं तर पात्यावर खड्डे पडतात.

पाती पुसणारे पुष्कळ असतात, सांधा कुणी पाहत नाही. महिनाभर खिशात राहिलेला चाकू उघडून आत बघा. पात्यांच्या खोबणीत कापसासारखा राखाडी गोळा दबून बसलेला असतो, त्यात घामाचा खारटपणा आणि फळाचा वाळलेला चिकटा. गंज आतून धरतो तो इथून. लाकडी टूथपिकनं हा गोळा उकरून काढा. मग चाकू कोमट साबणाच्या पाण्यात धरून पातं बऱ्याच वेळा उघडा-मिटा. सांध्यातून काळं पाणी निघत राहील, ते निघायचं थांबेपर्यंत. त्यानंतर झटकून, कापडानं पुसून, हवेवर पूर्ण वाळवून सांध्यात मिनरल ऑइलचा एकच थेंब. स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते काही दिवसांत चिकट होतं. मूठ लाकडाची किंवा शिंगाची असेल तर ती भिजवू नका. नुसतं टूथपिक, ओलसर कापड आणि तेल.

धार लावण्यासाठी १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचं माप) आसपासचा एक दगड आणि चामड्याची एक पट्टी पुरते. मोटरवरच्या चाकाजवळ हा चाकू नेऊच नका. पातळ पातं क्षणात तापतं, पोलादाचं पाणी, म्हणजे टणकपणा, उतरतं आणि मग धार टिकत नाही. दगडावर दोन्ही बाजूंनी पंधरा ते वीस अंशांचा कोन धरायचा. कोन बरोबर आहे का हे कळायला धारेच्या उतारावर मार्करनं शाई फासा आणि दोन-तीन हात मारून बघा. शाई फक्त वरच्या बाजूला गेली तर पातं फार झोपलंय, फक्त अगदी कडेला गेली तर फार उभं. पूर्ण उतारावरची शाई गेली की कोन सापडला. एका बाजूनं घासत राहा, धारेच्या दुसऱ्या बाजूला बुडापासून टोकापर्यंत बारीक खरखर बोटाला लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी हलके हात मारून ती खरखर काढायची आणि चामड्यावर धार मागे ओढायची. त्यानंतर आठवड्यातून एकदा चामड्यावर ओढत राहिलात तर दगडाची गरज बरेच दिवस पडत नाही, आणि पातंही कमी झिजतं. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या चाकूंची पाती सुईसारखी अरुंद झालेली दिसतात, त्यात कापण्यानं झालेली झीज थोडी आणि अति धार लावण्यानं झालेली जास्त.

आता संग्रह. काही महिने एक चाकू बाळगल्यावर तुम्हाला कळलेलं असेल की एक पातं पुरतं की दोन लागतात, लहान मूठ आवडते की भरलेली, हाड आवडतं की लाकूड. तिथून एक धागा धरा. कुणी एकाच नमुन्याचे चाकू वेगवेगळ्या कारखान्यांचे जमवतो, कुणी एकाच गावचे. इंग्लंडमधलं शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगन, फ्रान्समधलं तिएर, अमेरिकेतलं पेन्सिल्व्हेनिया राज्य, यांतलं कुठलंही एक ठिकाण आयुष्यभर पुरेल. शेफील्डच्या कारागिरांचा संघ, कंपनी ऑफ कटलर्स, १६२४ पासून आहे, आणि चाकूवर कुणी कोणती निशाणी ठोकायची याची नोंद ठेवणं हे त्याचं जुनं काम. झोलिंगन या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ते नाव पात्यावर असणं याला अर्थ आहे. याउलट लागिओल हे फ्रेंच धाटणीच्या चाकूंचं नाव आणि स्प्रिंगवरची माशी बघून भुलू नका. ते नाव जगभर कुणीही वापरत आलंय, आणि उत्तम लागिओलही बरेचसे प्रत्यक्षात तिएरमध्ये बनलेले असतात. तिथे नावापेक्षा बनवणारा कोण, हे विचारायचं.

जुन्या चाकूचं वय बुडावरच्या शिक्क्यावरून काढतात. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ या आयातकराच्या कायद्यानंतर तिथे आयात होणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. म्हणून शिक्क्यात ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा. केस या पेन्सिल्व्हेनियातल्या कंपनीचे चाकू वय ओळखायला शिकण्यासाठी सगळ्यात चांगले. ‘केस एक्सएक्स’ एवढाच शिक्का १९४० ते १९६४, त्याखाली ‘यूएसए’ आलं की १९६५ ते १९६९, आणि १९७० मध्ये त्याखाली दहा ठिपके आले, दरवर्षी एक कमी होत गेला. सात ठिपके म्हणजे १९७३. त्यांच्या नमुना क्रमांकातही माहिती असते. ६३१८ मधला पहिला ६ म्हणजे नक्षी कोरलेलं हाड (किंवा त्या धाटणीची मूठ), ३ म्हणजे तीन पाती, १८ हा नमुना. ३ चा आकडा असून दोनच पाती हातात आली तर एक पातं तुटून गेलंय की शिक्का दुसऱ्या चाकूचा, हे विचारायला हवं.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. जुन्या शिक्क्याचं पातं दुसऱ्या मुठीत बसवलेलं असतं; मग बोल्स्टरवरची रिव्हेटची टोकं ताजी ठोकलेली, उजळ दिसतात. धार लावून झिजलेलं पातं पूर्ण म्हणून खपवतात. मिटल्यावर त्याचं टोक मुठीत खोल गेलेलं असतं, आणि दोन पाती असतील तर दोघांची झीज जुळत नाही. सगळ्यात सर्रास दिसतो तो बफिंगचा प्रकार. गंजलेला चाकू चाकावर घासून आरशासारखा करतात. भिंगाखाली बघा: नखाच्या खाचेच्या कडा गोल झालेल्या, शिक्क्याची अक्षरं धुऊन निघाल्यासारखी, बोल्स्टर आणि हाडाच्या सांध्यात कड राहिलेली नाही. पन्नास वर्षांचा चाकू इतका चकचकीत असेल तर त्याच्या अंगावरचं पोलाद कुणीतरी काढून घेतलंय. असा चाकू वापरायला घ्या हवा तर, संग्रहाच्या किमतीला घेऊ नका. आणि तुमच्या हाती डागाळलेला जुना चाकू आला तर तेल आणि कापड यापलीकडे जाऊ नका. चांगला चाकू एका दुपारच्या बफिंगनं मातीमोल होतो.

मुठीच्या सामानातला एक धोका ठळकपणे सांगायला हवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ चाकूंच्या रंगीबेरंगी, मोत्यासारख्या चमकणाऱ्या मुठी सेल्युलॉइडच्या आहेत. हे नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेलं जुनं प्लास्टिक. ते वय झालं की आपोआप विघटित व्हायला लागतं आणि त्यातून आम्लाच्या वाफा निघतात. त्या वाफांनी त्याच चाकूची पाती गंजतात, आणि एकाच बंद पेटीत ठेवलेल्या शेजारच्या चाकूंचीही. काहीही कारण नसताना एखाद्या चाकूचं पातं मुठीलगतच गंजलेलं दिसलं, पेटी उघडताच कापूर किंवा आंबट उग्र वास आला, मुठीवर बारीक भेगांचं जाळं उठलं, तर तो चाकू त्याच क्षणी वेगळा करा. सेल्युलॉइडचे सगळेच चाकू कायम वेगळे, हवेशीर आणि आगीपासून लांब ठेवा. ते फार भराभर पेटतं. सांबराच्या शिंगाच्या मुठी आणि हस्तिदंत यांवर अनेक ठिकाणी कायद्याची बंधनं आहेत, ती तपासल्याशिवाय सौदा करू नका.

साठवताना चाकू चामड्याच्या खोळीत महिनोन्महिने राहू देऊ नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली रसायनं पितळेवर हिरवट थर आणि पोलादावर डाग आणतात. खोळ खिशासाठी, पेटीसाठी नाही. पातं हलकं तेल लावून, चाकू मिटून, सुती कापडात, सोबत सिलिका जेलची पुडी. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. हाड आकसतं आणि रिव्हेटभोवती केसासारखी चीर जाते. दर ऋतूला एकदा प्रत्येक चाकू उघडून बघा. इतके चाकू झाले की हे करायला कंटाळा येतो, तेव्हा संग्रह थांबवायची किंवा काही कुणाला द्यायची वेळ आली असं मी धरतो.

शेवटचा प्रश्न, जुना चाकू वापरावा का? ज्याच्या पात्याला कधी दगड लागलेलाच नाही, ज्याच्यावर कारखान्याचं पॉलिश अजून तसंच आहे, असा जुना चाकू वापरू नका. त्याची पहिली धार एकदाच गमावता येते, आणि त्या काळी पात्यावर शेवटचा हात कसा फिरवत हे पाहायला अशी अस्पर्श पातीच उरली आहेत. पण पातं आधीच झिजलेलं, हाड हातानं गुळगुळीत झालेलं, स्प्रिंग मात्र अजून नीट टकटकणारी असेल, तर तो साफ करा, तेलाचा थेंब द्या आणि खिशात टाका. सेल्युलॉइडची मूठ किंवा तडकलेलं हाड असेल तेवढं सोडून. अशा चाकूची किंमत संग्राहकाच्या लेखी आधीच उतरलेली असते, त्यामुळे वापरानं गमावण्यासारखं फार काही राहिलेलं नसतं. शिवाय ज्या काळी कारागीर स्प्रिंगा हातानं जुळवत, त्या काळचा सांधा तुम्हाला रोज हातात घेता येतो. त्यानंतर नव्या चाकूची स्प्रिंग तपासायला बसलात की तुलनेला तोच हाताशी असेल.